कवीसाहेबांनी उदक सोडलं

कापसाच्या गाठीत कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटणारा, आणि मग तेच डोळे पुसत "बिचारा!" म्हणणारा पारखी मी जन्मात एकच पाहिला. अमरावतीच्या बाजारात तेव्हा पारख्यांना तोटा नव्हता. कुणी सरकी दाताखाली फोडून बघे, कुणी चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून तार किती लांब निघते ते ताणून पाही. आमचे साहेब कापसाची चौकशी करत. प्रवासात त्रास झाला का, वगैरे.

साहेब अमेरिकेचे. त्यांच्या देशात भाऊबंदकी पेटून लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे आशेनं बघत बसल्या होत्या. मुंबईच्या एका गोऱ्या कंपनीला वऱ्हाडात कापूस पारखायला माणूस हवा होता. हे गृहस्थ नेमके तेव्हाच बोटीतून उतरले. कंपनीनं विचारलं, कुठले? हे म्हणाले, अमेरिकेचे. झाली नेमणूक! अमेरिकेचा माणूस आणि त्याला कापूस कळत नाही, असं कधी झालंय? झालं होतं. हे ज्या गावचे, तिथं अर्धं वर्ष बर्फ पडतं. कापसाचं झाड त्यांनी प्रथम पाहिलं ते बडनेऱ्याच्या अलीकडे, माझ्यासमोर. बैलांच्या दमणीतून उडी टाकून शेतात शिरले आणि मला म्हणाले, "ही कसली फुलं?"

"साहेब, हाच कापूस."

"हाच?" म्हणाले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

मी त्यांचा मुनशी, म्हणजे दुभाषी. अकोल्याच्या भिक्षुकाच्या घरातला, पण नागपूरला एका पाद्र्याकडे इंग्रजी गिरवून आलेला. माझं इंग्रजी आणि त्यांचा कापूस एकाच तोलाचे होते, म्हणून आमचं जमलं. पहिल्याच मुक्कामी त्यांनी मला बजावलं की आपण कापसाचे नाही, कवितेचे आहोत; कादंबऱ्याही लिहितो; कापूस हा योगायोग समजावा. मी ते चार जणांना सांगितलं आणि ते कवीसाहेब झाले.

अकोल्याच्या बाजारात एकदा आम्ही एका व्यापाऱ्याचा माल पाहायला गेलो. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडायची चाल तेव्हा पडली होती. काही मंडळी शिंपडत नसत, न्हाऊच घालत. साहेबांनी गाठीत हात घातला. बाहेर काढला तो ओला. थबकले. माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "याला सांग, याचा कापूस रडतो आहे."

मी सांगितलं. व्यापाऱ्यानं एकवार माझ्याकडे बघितलं, एकवार साहेबांकडे, आणि हात जोडून म्हणाला, "रडणारच ना, सायब! झाडापासून तुटला ना थो."

साहेबांनी त्या ओल्या गाठीवरून हात फिरवला. सगळा माल घेतला! मुंबईहून आता खरमरीत बोलणी येणार म्हणून मी धास्तावलो. पण माल तिथं पोचेपर्यंत भाव असा उसळला की ओला कापूस कोरड्याच्या वर गेला, आणि कंपनीनं साहेबांच्या दूरदृष्टीची तारीफ केली. ते दिवसच तसे होते. चूक करायची म्हटली तरी फायदा व्हायचा.

आमच्या बोलीतले दोन शब्दप्रयोग त्यांनी जिवापाड जपले होते. सकाळी बाजारात कुणी विचारलं, "काय सायब?" की उत्तर ठरलेलं, "पाहून राहिलो." संध्याकाळी तोच प्रश्न, तर "लिहून राहिलो." पुण्याहून नवे आलेले एक कारकून त्यांना सुधारू लागले, "अहो, 'पाहतो आहे' असं म्हणावं." साहेब म्हणाले, "तुम्ही पाहता आणि निघून जाता. मी पाहून राहतो."

त्यांची कारकीर्द त्यांनीच मला सांगितली, आणि तीही अशा आनंदानं की जणू दुसऱ्याची फजिती सांगताहेत. कवितांचं पहिलं पुस्तक निघालं आणि गावात एकही प्रत उरली नाही. सगळ्या त्यांच्या आत्यानं विकत घेतल्या होत्या. आत्या स्वतः वाचत नसे. घरी येईल त्या पाहुण्याच्या हाती एक ठेवी. पुढं पाहुणे येईनासे झाले. मग कादंबऱ्या. प्रत्येकीत नायिका मरे. एक बर्फात गोठली, एक नदीत बुडाली, एक खोकून खोकून गेली.

"साहेब, एखादीला जगवायची होती," मी म्हटलं.

"मी फार जपतो रे," ते कळवळून म्हणाले, "पण शेवटचं प्रकरण आलं की तिला ताप चढतो."

आत्या वारली आणि पुस्तकांचा खप थांबला. त्यातच लढाई सुरू झाली. धाकटा भाऊ फौजेत भरती झाला. हेही गेले होते, पण नजर अधू म्हणून डॉक्टरनं परत पाठवलं. निघताना भाऊ म्हणाला, "तू लिही, मी लढतो. दोघांपैकी एकाचं तरी काहीतरी पुरं होईल." रिकाम्या घरात यांना बसवेना, म्हणून बोटीत बसले. भावाचा शेवटचा निरोप मुंबईत मिळाला होता. त्यानंतर काही नाही. हे सांगताना मात्र ते हसत नसत. चष्मा पुसत बसत, पुसून झाला तरी पुसत.

राहायला ते आमच्या एका अडत्या शेठच्या माडीवर होते. कंपनीच्या बंगल्यातला पंखा ओढताना कुरकुरायचा आणि त्यामुळे कवितेची लय बिघडायची, म्हणून ते बंगला सोडून आले. शेठजींनी त्यांना हौसेनं ठेवून घेतलं. शेठांची अमरावतीत ही तिसरी पिढी. पैसा मात्र पहिल्याच पिढीचा, ताजा. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. भिंतींवर घड्याळं लागली, आणि प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवी. कुणी हसलं तर शेठ म्हणत, "ज्याले जे पायजे ते पाहून घ्यावं."

सगळं आलं होतं, फक्त अमरत्व तेवढं राहिलं होतं. आणि साहेब माडीवर बसून अमरावतीवर कादंबरी लिहितात, हे शेठना कळलं.

"मुनशी, सायबाले इचारा, म्या कितव्या पानावर येतो?"

"शेठजी, अजून ठरलं नाही म्हणतात."

"घाई नाई. पण पोट जरा कमी दाखवा म्हना. अन् रंग उजळ. खोटं नको, पण उजळ."

हा रोग बाजारभर पसरला. साहेब दिसले की दलाल भांडणं थांबवून एक हात वर करून उभे राहात. हमालसुद्धा ओझं उचलताना चेहरा उदात्त ठेवू लागले. माणसं माझ्या घरी संत्री पाठवत, आणि सोबत आपल्या वाडवडिलांच्या हकिगती. मीही माझ्या आजोबांबद्दल साहेबांना एकदोनदा ऐकवून ठेवलं होतं, ते जाऊ द्या.

फक्त एक व्यक्ती साहेबांसाठी कधी नीट उभी राहिली नाही. ती म्हणजे शेठाणीकाकू. त्यांना कादंबरीचं सोयरसुतक नव्हतं. साहेब जिना उतरले की चुलीपुढूनच त्या विचारत, "जेवला काय, भाऊ?" आणि पाठोपाठ, "भावाची काई खबर?" साहेब मान हलवत. काकू भाकरीवर ठेचा वाढत आणि म्हणत, "येईन. येते खबर."

काकूंचं माहेर कौंडण्यपूरचं. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी साहेबांना आपल्या गावची गोष्ट सांगितली, रुक्मिणीची. मी इंग्रजी करत होतो. भावानं लग्न दुसरीकडं ठरवलं, हिनं कृष्णाला निरोप धाडला की मला घेऊन जा, आणि भर देवळातून रथात बसून गेली.

"पळून गेली?" साहेब ताटावरून अर्धवट उठले. "आणि मग मेली?"

मी विचारलं तशी काकू चिडल्या. "मरते कायले? संसार केला तिनं! काय विचारते हा माणूस!"

साहेब त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "मुनशी, न मरणारी नायिका! मला सुचलीच नव्हती."

आणि मग ती बातमी आली. मुंबईहून कुणी सांगावा आणला की अमेरिकेतली लढाई थकली, आता फार दिवस चालत नाही. बाजारावर अवकळा पसरली. घरात कुणी अखेरचे श्वास मोजत असावं तशी माणसं पेढीच्या पायरीवर येऊन दबक्या आवाजात विचारत, "कशी हाय?"

"धुगधुगी हाय अजून."

म्हणजे लढाईला.

शेठजींनी कापूस तुडुंब भरून ठेवला होता. लढाई संपली तर भाव कोसळणार, आणि भावाबरोबर शेठ. त्यांनी आमच्या शास्त्रीबुवांना बोलावलं. लढाईला दीर्घायुष्य लाभावं म्हणून अनुष्ठान करायचं ठरलं! शास्त्रीबुवा पट्टीचे विद्वान; अडचण त्यांना ताबडतोब दिसली.

"शेठ, संकल्पात देश सांगावा लागतो. अमेरिका कोणत्या द्वीपात धरायची? देवाला पत्ता तर लागला पाहिजे."

"मंग?"

"त्या देशाचा माणूस यजमान म्हणून बसेल, तर फळ चुकणार नाही."

सगळ्यांनी माडीकडे पाहिलं. कुणीतरी चाचरत म्हणालं, "पण ते तर गोरे..." शास्त्रीबुवांनी पोथ्या चाळायला एक दिवस मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी निर्णय दिला, "शास्त्रात अमेरिकेच्या मनुष्याचा निषेध कुठंही सापडत नाही. उल्लेखच नाही." दक्षिणा घसघशीत होती, हे सांगायला नको.

साहेबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी अक्षर न गाळता सांगितलं: लढाई चालू राहावी म्हणून पूजा आहे, आणि ती तुमच्या हातून व्हायची आहे. शेठजी मागं उभे होतेच. त्यांनी पुस्ती जोडली, "सांगा त्यायले, बसत नसन तर माडी खाली करा. कागद, शाई, दिवा, सारं माहं हाय. पुस्तक मंग झाडाखाली लिहा."

आतून काकूंचा आवाज आला. "अवो, त्याचा भाऊ हाय ना त्या लढाईत! अन् त्याच्याच हातानं?"

"तू भाकरी कर."

"करूनच राहिली. पण तुमच्या घशाखाली कशी उतरन ते पाहा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी शास्त्रीबुवांना माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला. "पाटावर जो बसतो, त्याचंच मागणं वर पोचतं का? की खर्च करणाऱ्याचं?"

शास्त्रीबुवा हसले. "फळ यजमानाचं. आम्ही आणि शेठ हमाल."

"मग बसतो," साहेब म्हणाले.

शेठजींनी त्यांना मिठीच मारली. काकू मात्र दारात आल्या, साहेबांकडं नुसतं पाहिलं आणि आत निघून गेल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कुणी साहेबांना "जेवला काय" म्हणून विचारलं नाही.

मंडप शेठच्या कापसाच्या आवारात पडला, चहूकडे गाठींचे डोंगर आणि मध्ये होमकुंड. सगळा बाजार लोटला होता. साहेबांना बाजूला वेगळा पाट दिला होता. धोतर त्यांच्या उंचीला गुडघ्याशीच संपत होतं, बोटात दर्भाचं पवित्रक, नाकावर चष्मा. यजमानाला संस्कृत येत नसेल तर त्यानं आपलं मागणं आपल्या भाषेत बोलावं, अशी सोय असते. शास्त्रीबुवांनी आठवडाभर त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, "लढाई चालू राहू दे." साहेब तालमीत ते इतकं गोड म्हणत की शेठजींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

देश झाला, काळ झाला, गोत्राच्या जागी शास्त्रीबुवांनी थोडं खोकून घेतलं. उंचावरून साहेबांच्या ओंजळीत पाणी पडलं. अक्षता, फूल, सुपारी. "आता बोला, साहेब. बोला आणि पाणी सोडा."

साहेबांनी एकदा वर पाहिलं. मग खणखणीत वऱ्हाडीत, मागच्या हमालालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लढाई बंद होऊ दे. माह्या भावाले घरी येऊ दे."

आणि ओंजळ ताम्हनात उलटी केली.

त्या मंडपात माशीसुद्धा थांबली असेल. मग शेठजी उसळले. "अबे! उलटं बोलला! उलटं! शास्त्रीबुवा, पुन्हा घ्या!"

"उदक सुटलं, शेठ."

"मंग पुन्हा सोडा! पान्याची काय कमी हाय?"

"एका पाटावरून दोन उलटी मागणी? देवाला काय तुमचा दलाल समजलात?" शास्त्रीबुवा आता तापले होते. विद्वान माणूस दक्षिणेला वाकतो, विधीला वाकत नाही. "संकल्प झाला. आता अनुष्ठान पुरं करावंच लागेल. अर्ध्यावर सोडलं तर दोष खर्च करणाऱ्याला."

शेठजी मटकन गाठीवर बसले. मागं काकू उभ्या होत्या. त्या पुढं झाल्या, साहेबांच्या समोर गेल्या आणि सगळ्या गावादेखत म्हणाल्या, "जेवला काय, भाऊ?"

अमरावतीच्या इतिहासात असं अनुष्ठान झालं नाही. अमेरिकेत शांतता नांदावी म्हणून, तिथल्या लढाईवर जगणाऱ्या माणसाच्या तुपात! शेठजी रोज स्वतः तूप आणून देत, दोषाचं भय. आहुती पडताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की तेच होमात बसलेत. एकदा शास्त्रीबुवांना हळूच म्हणाले, "जोर थोडा कमी लावा ना, बुवा."

"म्हणजे मंत्र पुटपुटू? उच्चार चुकवू?"

"चुकवू नका. पण इतके मोठ्यानं कायले?"

शास्त्रीबुवांनी दुसऱ्या दिवशी दुप्पट मोठ्यानं म्हटले.

अनुष्ठान पुरं झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी मुंबईहून तार आली. लढाई संपली.

भाव कोसळले. पेढ्या गप्प झाल्या, शिंगांची चांदी उतरली, घड्याळांना किल्ली द्यायचं कुणाच्या मनात येईना. आणि गावाला कारण ठाऊक होतं! इंग्लंडचं राज्य, अमेरिकेची फौज, ते सगळं असेल तिकडं. लढाई थांबली ती अमरावतीत, आमच्या डोळ्यांदेखत, एका गोऱ्यानं ओंजळ उलटी केली तेव्हा. एका दुपारी पाचपन्नास माणसं शेठच्या दारात जमली. काहींच्या हातात काठ्या होत्या. "काढा त्याले बाहेर! बुडवलं त्या गोऱ्यानं! लढाई बंद केली त्यानं!"

मी माडीच्या जिन्यात उभा होतो. शेठजी दाराशी गेले. सगळ्यांत जास्त बुडाले होते ते. मला वाटलं, हेच आता साहेबांना ओढून बाहेर देणार.

"कोनी बंद केली?" शेठजींनी विचारलं.

"त्या गोऱ्यानं!"

"त्यानं?" शेठजींचा आवाज चढला. "तूप कोनाचं होतं? मांडव कोनाचा होता? भटजी कोनी जेवू घातले? थो नुसता पाटावर बसला बे! अमेरिकेची लढाई म्या बंद केली! खर्च माहा हाय!"

गर्दी बावरली. शेठजींनाही आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं असावं. पण आता मागं फिरायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. दिवाळं निघालेल्या माणसाला दुसरं काय शिलकीत असतं? माणसं काठ्या टेकत निघून गेली. जाता जाता एक जण म्हणालाच, "हाय बॉ, खर्च तर शेठचाच होता."

कंपनीनं साहेबांना निरोप दिला. भावाची खबर अजूनही नव्हती. लढाई संपली म्हणजे माणूस घरी आलाच असं नसतं, हे ते जाणून होते. काकूंनी भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "खबर धाडजो, भाऊ." शेठजींनी दमणीत डोकं घालून विचारलं, "सायब, पुस्तकाचं?" साहेब चष्मा पुसत म्हणाले, "लिहून राहिलो."

पुढं काही वर्षांनी, आगगाडी आल्यावर, एक पुडकं आलं. पुस्तक! शेठच्या पडवीत जुनी मंडळी गोळा झाली. मी आवरण फाडलं.

"म्या कितव्या पानावर?" शेठजी.

"पहिल्याच," मी म्हटलं, आणि वाचून सांगितलं: "अमरावतीच्या शेठजींना, ज्यांच्या खर्चानं माझा भाऊ घरी आला."

दाराआडून काकूंचा आवाज आला, "आला?"

"आला, काकू."

"पुन्हा वाचा ना ते."

मी पुन्हा वाचलं. त्या पदरानं तोंड झाकून आत गेल्या. शेठजींनी पुस्तक हातात घेतलं, उलटंच धरलं, खूप वेळ धरलं. "बाकी म्या कुठं हाय?"

"ते वाचून पाहावं लागेल."

"पहिल्या पानावर हाय ना? मंग बस. बाकीचं कायले वाचता?"

आणि त्यांनी ते लाल फडक्यात गुंडाळून आत ठेवलं. तेव्हापासून दर दिवाळीला वहीपूजनात नव्या वह्यांशेजारी ते मांडलं जातं. पहिल्या पानावर आता इतकं हळदकुंकू चढलंय की ती ओळ शेठजींना पाठ आहे म्हणूनच ओळखू येते. बाकीचं पुस्तक कुणी वाचलेलं नाही. आत्याच्या गावात जे साहेबांच्या पुस्तकांचं झालं, तेच अमरावतीत झालं. फक्त इथं आरती होते. मी कितीदा मागितलं. शेठजी म्हणतात, "पूजेतली वही कोनी वाचते काय?"

पण मला एक गोष्ट छळत होती. या पुस्तकातली नायिका जगली की शेवटच्या प्रकरणात तिलाही ताप चढला?

यंदाच्या दिवाळीला मी धीर केला. फूल वाहायचं निमित्त करून पाठमोरा बसलो आणि शेवटचं पान उघडलं. नायिका जिवंत होती. चष्मा सरसावून पुन्हा पाहिलं. चांगली धडधाकट, चुलीपुढं बसलेली. दारात फौजेतून परतलेला एक माणूस उभा होता, अंगभर धूळ, आणि ती न उठताच त्याला काहीतरी विचारत होती. ते वाक्य इंग्रजी नव्हतं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आमचे: "जेवला काय, भाऊ?"

मागं काकू फराळाची ताटं मांडत होत्या.

"मुनशी," शेठजी ओरडले, "एक फूल ठेवायले इतका वेळ? काय करून राहिले तिथं?"

"पाहून राहिलो," मी म्हटलं.